आधी कंगवा, मगच पाणी

गोल्डन रिट्रीव्हर पाळणाऱ्यांकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘कानामागे गाठी झाल्यात, रविवारी शाम्पू लावला की सुटतील.’ त्या सुटत नाहीत. आंघोळीनंतर त्याच गाठी आणखी आवळतात, आणि शेवटी कुणीतरी मशीन फिरवून कुत्र्याला सगळंच भादरून टाकतं. इथे शाम्पू बदलून उपयोग नाही. चुकतो तो क्रम.

रिट्रीव्हरच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. त्वचेतल्या एकाच छिद्रातून एक जाड केस आणि त्याच्या आजूबाजूने बारीक, मऊ लवेचे अनेक केस बाहेर येतात. गार पाण्यात पडलेली बदकं उचलून आणण्याच्या कामाला हा कोट, म्हणजे केसांचं आवरण, योग्यच होता. गोल्डनची सुरुवात १८६८ साली स्कॉटलंडच्या हायलँड्समध्ये, डडली मार्जोरीबँक्स (पुढचे लॉर्ड ट्वीडमथ) यांच्याकडे झाली. तिथे जूनमध्ये दिवस सुमारे १८ तासांचा, तर डिसेंबरमध्ये जेमतेम साडेसहा तासांचा. लव कधी गाळायची, याचा इशारा कुत्र्याच्या शरीराला मुख्यतः दिवसाच्या लांबीतून मिळतो. पुण्यात उन्हाळ्या-हिवाळ्यातल्या दिवसांत फरक दोन-सव्वादोन तासांचाच, त्यात घरातले दिवे रात्री उशिरापर्यंत चालू. त्यामुळे लव थोडी थोडी वर्षभर गळत राहते. ‘केसगळती थांबवणारा’ महागडा शाम्पू हे थांबवू शकत नाही, कारण केस कधी सुटायचा हे केसाच्या मुळाशी ठरतं.

लॅब्रॅडॉरची गळलेली लव सोफ्यावर पडते. गोल्डनची मात्र लांब केसांत अडकून अंगावरच राहते. हा फरक मुख्यतः ‘एफजीएफ५’ या जनुकाचा. केसाची वाढ थांबवण्याचा निरोप हे जनुक देतं. गोल्डनमध्ये त्याचा बिघडलेला प्रकार असतो, म्हणून केस जास्त काळ वाढतो. २००९ साली ८० जातींच्या हजाराहून अधिक कुत्र्यांच्या अभ्यासातून असं दिसलं की, कुत्र्यांच्या कोटांमधली बहुतेक विविधता हे जनुक आणि आणखी दोन जनुकं मिळून घडवतात.

आता खरी गंमत. स्वतःचा एक लांब केस घ्या, अंगठा आणि तर्जनीत धरा आणि बोटं केसाच्या लांबीच्या दिशेने पुढेमागे चोळा. केस सरकतो, पण नेहमी एकाच दिशेने, मुळाकडचं टोक पुढे करून! केसाच्या पृष्ठभागावर एकावर एक चढलेले सूक्ष्म खवले असतात आणि त्यांच्या मोकळ्या कडा टोकाकडे वळलेल्या असतात. मूळ पुढे असेल तर केस सहज घसरतो. उलटा जाऊ लागला तर खवले अडकतात. म्हणजे प्रत्येक सुटा केस हा एकाच दिशेने चालणारा प्रवासी. कुत्रा चालला, कान खाजवला, पट्टा घासला की गळलेली लव आत आत सरकते आणि परत फिरू शकत नाही. म्हणूनच गाठी कानामागे, काखेत, पट्ट्याखाली आणि मांडीमागच्या झालरीत होतात. काश्मीरचा नमदा याच तत्त्वावर बनतो: लोकर, ओलावा आणि घर्षण.

त्यात पाणी आलं की काय होतं? केस ज्या प्रथिनाचा बनतो ते केराटिन पाणी शोषतं. माणसाच्या केसावर केलेल्या मोजणीत ओल्या केसाची जाडी साधारण १५ टक्क्यांनी वाढते, लांबी मात्र एक-दोन टक्केच. गाठीतले फुगलेले केस एकमेकांवर दाबले जातात. शिवाय केराटिनच्या साखळ्यांमधले हायड्रोजन बंध पाण्यात तुटतात आणि केस वाळताना नव्या स्थितीत पुन्हा जुळतात. ओले केस रोलरला गुंडाळून वाळवले की वळण धरतात, ते यामुळेच. गाठही तशीच वाळते आणि पक्की होते.

हाच नियम माणसाच्या डोक्यावरही चालतो. न विंचरलेल्या केसांची जट होते ती घर्षण, तेल-मळ आणि ओलाव्याने. तिच्यात देवी येत नाही. जटेच्या नावाखाली आपल्याकडे आजही बायका मानदुखी आणि दुर्गंधी सोसतात, याची मला मनापासून चीड येते. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते समजूत घालून जट कापतात, ते काम फार मोलाचं आहे.

तर, आंघोळीआधी विंचरा. एका हाताने केस उलटे धरून त्वचा दिसेल असा भांग पाडा आणि स्लिकर ब्रशने (बारीक, वाकड्या तारांच्या ब्रशने) थोडे थोडे केस खाली ओढत जा. नुसतं वरून ब्रश फिरवला तर आतली लव तशीच राहते. मग स्टीलचा कंगवा मुळापासून फिरवून पाहा; अडकला तर तिथे गाठ आहे. ती बोटांनी फोडा, टोकाकडून सोडवत मुळाकडे या. आंघोळीनंतर लव मुळापर्यंत वाळवा, ड्रायर असेल तर गार हवेवर. कोकणातल्या पावसाळ्यात तर हे टाळूच नका. ओल्या गाठीखाली जिवाणू वाढून एका दिवसातही लालभडक, ओली जखम होऊ शकते.

त्वचेला चिकटलेल्या गाठीला कात्री लावू नका. गाठीबरोबर त्वचाही वर ओढलेली असते आणि ती केसांत दिसत नाही. अशी गाठ पशुवैद्यांकडे किंवा अनुभवी ग्रूमरकडे मशीननेच काढून घ्यावी, आणि तेवढीच.