‘ब्लॅक’ म्हणजे कोण? लंडनच्या पोलीस संघटनेची पार्श्वभूमी

न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय पोलिसांनी १९४३ मध्येच आपली संघटना बांधली होती. लंडनला त्यासाठी १९९४ उजाडावं लागलं; तेव्हा तिथे ‘मेट्रोपॉलिटन ब्लॅक पोलीस असोसिएशन’ उभी राहिली.

तिथल्या पोलीस दलात १९६७ साली भरती झालेल्या कृष्णवर्णीय शिपायाच्या गणवेशाची बटणं सहकारीच तोडायचे, गाडीचे टायर फाडायचे. तो ३० वर्षं टिकला. पुढे आलेले अनेक जण टिकले नाहीत. गोऱ्यांपेक्षा हे लोक जास्त प्रमाणात नोकरी सोडताहेत, हे दलाच्या लक्षात आल्यावर १९९० मध्ये त्यांना ब्रिस्टलला चर्चासत्रांसाठी बोलावलं गेलं. ठाण्यात एकटा पडलेला माणूस तिथे पहिल्यांदा आपल्यासारख्यांमध्ये बसला. आपल्याच वाट्याला आलं असं वाटत होतं ते शेजारच्याच्याही वाट्याला आलेलं निघालं. त्या ओळखी टिकल्या आणि त्यांतूनच संघटना झाली.

खरा गुंता नावात आहे. ‘ब्लॅक’चं आपण सरळ ‘कृष्णवर्णीय’ करतो आणि तिथेच चुकतो. संघटनेच्या व्याख्येत हा शब्द कातडीच्या रंगाबद्दल नाहीच. आफ्रिकी, कॅरिबियन आणि आशियाई वंशाच्या लोकांचा वर्णद्वेषाचा समान अनुभव आणि त्याविरुद्ध उभं राहण्याचा निर्धार, असा त्याचा अर्थ. म्हणजे पंजाबी किंवा गुजराती घरातला हवालदारही त्यात आला. मराठी वाचकाला हे अवघड जाऊ नये. १९७३ मध्ये मुंबईतल्या दलित पँथरच्या जाहीरनाम्याने ‘दलित’ शब्दात भूमिहीन, कामगार आणि स्त्रियांनाही घेतलं होतं, आणि तो काढणाऱ्यांनी स्वतःचं नावही अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय चळवळीवरूनच घेतलं होतं. लंडनमध्ये मात्र आशियाई पोलिसांचा ‘आम्ही ब्लॅक कसे?’ हा प्रश्न विरला नाही. पुढे मुस्लिम आणि शीख पोलिसांच्या वेगळ्या संघटना निघाल्या. तरीही रुंद व्याख्या धरून ठेवली ते योग्यच झालं, असं मला ठामपणे वाटतं. मूठभर माणसं आणखी विभागली असती तर त्यांना विचारलं कुणी असतं?

१९९३ मध्ये लंडनच्या एका बस थांब्यावर स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाचा खून झाला. त्या प्रकरणाच्या पुढे झालेल्या चौकशीत याच संघटनेने साक्ष दिली. दलाच्या रोजच्या वागण्या-बोलण्यातच वर्णद्वेष मुरला आहे आणि आम्हीही त्याच साच्यात वाकतो, असं वर्दीतल्या माणसांनी कबूल केलं. या चौकशीच्या १९९९ च्या अहवालात ‘संस्थात्मक वर्णद्वेष’, म्हणजे एखाददुसऱ्या माणसाचा नव्हे तर संस्थेच्या कारभारातच असलेला वर्णद्वेष, हे शब्द आले, त्यात या साक्षीचा वाटा मोठा आहे.

नंतर देशभर अशा संघटना झाल्या. बढतीच्या परीक्षेची तयारी करून घेणं, मुलाखतीचा सराव, नव्या शिपायामागे जुना अधिकारी उभा करणं, वस्तीतल्या पोरांसाठी नेतृत्वाचे वर्ग, असं बिनगाजावाजाचं काम चालू राहिलं.

म्हणूनच २००८ चा निर्णय जिव्हारी लागतो. वरिष्ठ आशियाई अधिकाऱ्यांशी दलाचा वाद पेटला असताना लंडनच्या संघटनेने आपल्या समाजातल्या तरुणांना जाहीरपणे सांगितलं, या दलात भरती होऊ नका. ज्या पोरांना इतकी वर्षं वर्दीची ओळख करून दिली, त्यांनाच हे सांगावं लागलं.