किती बारीक दळायचे?

मध्य प्रदेशातले मलाजखंड आपल्या गोंदियाच्या शेजारच्या बालाघाट जिल्ह्यात येते. तिथल्या तांब्याच्या खाणीतल्या दगडात तांबे जेमतेम 1 टक्का, म्हणजे टनामागे 10 किलो. तेही सुटे नाही. गारगोटीत विखुरलेल्या चाल्कोपायराइट या पितळी चकाकीच्या खनिजात ते लोह आणि गंधकाशी बांधलेले असते. असा दगड थेट भट्टीत घातला, तर इंधन गारगोटी वितळवण्यातच जाईल. म्हणून आधी दळण, मग वेचणी.

क्रशरमधून दगड साधारण 10 मिलिमीटरचा होऊन बॉल मिलमध्ये जातो. पोलादी गोळे भरलेला हा आडवा पिंप. गोळे वर चढून दगडावर आदळले पाहिजेत. वेग फार वाढला तर ते भिंतीलाच चिकटून फिरतात आणि दळण थांबते. 3 मीटर व्यासाच्या मिलमध्ये ही वेळ मिनिटाला सुमारे 24 फेऱ्यांना येते, म्हणून ती 18 च्या आसपास फिरवतात.

खरा प्रश्न आहे तो किती बारीक दळायचे याचा. दळणाला किती वीज लागेल याचे सूत्र फ्रेड बाँड यांनी 1952मध्ये मांडले. त्यात मध्यम कठीण दगडाचा कठीणपणाचा निर्देशांक 13 धरला, तर 10 मिलिमीटरवरून 100 मायक्रॉनवर (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) यायला टनामागे सुमारे 12 युनिट वीज लागते. 50 मायक्रॉन गाठायचे तर 17. पुढे हे दळण पाण्यात मिसळून त्यात हवेचे बुडबुडे सोडतात आणि त्यांना चिकटून वर येणारे खनिज वेचतात. जाडसर दळणात तांब्याचा कण गारगोटीला चिकटलेलाच राहतो आणि तिच्याबरोबर वाहून जातो. पण पीठच झाले, तर 10 मायक्रॉनखालचे कण इतके हलके होतात की बुडबुड्याला धडकतच नाहीत, पाण्याबरोबर त्याला वळसा घालून निघून जातात. वीज जास्त जळते आणि तांबेही हातचे जाते, म्हणून अति दळण हा जास्त महागडा दोष आहे.

पुढची वेचणी फेसातून होते. अळवाच्या पानावर पाणी ठरत नाही, तसाच गुण खनिजाच्या कणांना द्यायचा. त्यासाठी टनामागे 20 ते 50 ग्रॅम झँथेट हे रसायन पुरते. ते कणाला धरून बसते, कण भिजत नाही, बुडबुड्याला चिकटून वर येतो. गारगोटी ओली होऊन खालीच राहते. चुना मात्र झँथेटच्या आधी, बहुधा मिलमध्येच घालतात. सामू 10 ते 11 झाला की लोह-गंधकाचा निरुपयोगी पायराइट दबतो. चुना कमी पडला तर पायराइटही फेसात चढतो आणि वेचलेल्या मालातले तांब्याचे प्रमाण घटते. फेस टिकायला पाइन तेल लागते. ते जास्त झाले तर न फुटणारा फेस गारगोटीचा गाळ घेऊन कडेवरून ओसंडतो. काचेसारखे रिकामे बुडबुडे दिसले, तर झँथेट कमी पडले किंवा दगडातच तांबे कमी आहे.

पहिला फेस पुन्हा दळून, पुन्हा तरंगवून साफ करतात. 90 टक्के तांबे हाती लागले आणि मालात ते 25 टक्के भरले, तर 1 टन दगडातून 36 किलो माल निघतो. उरलेल्या 964 किलो गाळात 1 किलो तांबे राहते.

ते कुठे अडकले, हे त्या गाळालाच विचारावे. नमुना वाळवून चाळण्यांवर वेगळा करायचा आणि प्रत्येक थराचे तांबे तपासायचे. जाड थरात सापडले तर दळण वाढवा. सर्वांत बारीक थरात सापडले तर मिलचा भार पाहा, दगड आत जास्त वेळ घुटमळतो आहे.