‘पोरकी’ अशी सही करणारी उमराव बाई

मग्यार भाषेत, म्हणजे हंगेरीच्या भाषेत, ‘आर्वा’ म्हणजे पोरका किंवा पोरकी. ट्रान्सिल्व्हेनियातल्या (आजच्या रुमानियातल्या) एका बड्या घराण्यातली बाई, काता बेथलेन, हा शब्द १७३२ नंतर आपल्या नावाआधी लावू लागली. तेव्हा ती बत्तिशीच्या आसपास होती. जमीनजुमला होता, नोकरचाकर होते, दोन घराण्यांची सोयरीक होती. नव्हते ते जवळचे माणूस. दोन नवरे गेले होते, काही मुले मरण पावली होती आणि जी जिवंत होती ती तिच्याजवळ नव्हती. याच बाईने पुढे स्वतःच्या आयुष्याची हकीकत लिहिली. मग्यार भाषेतले एका स्त्रीने लिहिलेले पहिले आत्मचरित्र म्हणून आज त्याच पुस्तकाचे नाव घेतले जाते.

‘पहिले’ म्हणताना थोडे थांबायला हवे, कारण हंगेरीच्या दरबारातली एक बाई तिच्या तीनशे वर्षे आधी आठवणी लिहून गेली होती. हेलेने कोटानर ही शोप्रोन गावच्या नगरप्रमुखाची विधवा. पुढे राणी एलिझाबेथच्या खासगी सेवेत होती. नवरा वारलेला, पोटात मूल, आणि सरदार मंडळी पोलंडच्या राजाला गादीवर बसवायला निघालेली, अशा पेचात सापडलेल्या राणीसाठी या बाईने २० फेब्रुवारी १४४० च्या रात्री विशेग्राद किल्ल्यातून हंगेरीचा पवित्र राजमुकुट पळवला. कुलपे तोडली, मुकुट मखमली उशीत शिवून टाकला आणि घसरगाडीतून गोठलेली डॅन्यूब ओलांडली. दोनच दिवसांनी राणीला मुलगा झाला, आणि मे महिन्यात त्याच मुकुटाने त्या तान्ह्याचा राज्याभिषेक झाला. गोष्ट अशी की कादंबरीकारालाही सुचू नये. पण हेलेनेने ती जर्मनमध्ये लिहिली, आणि लिहिली ती एका राजकीय कामगिरीचा वृत्तांत म्हणून. स्वतःच्या मनाचा हिशेब मांडण्याचा तिचा हेतू नव्हता. कातापाशी मात्र पळवायला मुकुट नव्हता. होता तो फक्त हिशेब.

तो समजायचा तर तिचा मुलूख समजून घ्यावा लागतो. १५२६ मध्ये मोहाचच्या लढाईत हंगेरीचा राजा पडला आणि राज्याची तीन शकले झाली. पश्चिमेकडचा भाग व्हिएन्नाच्या हॅब्सबर्ग राजघराण्याकडे, मधला तुर्कांकडे आणि पूर्वेला ट्रान्सिल्व्हेनियाचे वेगळे संस्थान. तुर्की सुलतानाला खंडणी द्यायची, पण घरचा कारभार आपला आपण पाहायचा, अशी तिथली रीत. १५६८ मध्ये तोर्दा गावी भरलेल्या सभेने प्रत्येक गावाला आपल्या पसंतीचा धर्मोपदेशक ठेवायची मुभा दिली. पुढे कॅथलिक, लुथरन, कॅल्व्हिनपंथी आणि युनिटेरियन या चार ख्रिस्ती पंथांना कायद्याने मान्यता मिळाली; पहिला रोमच्या पोपला मानणारा, बाकीचे तीन त्याच्यापासून फुटलेले. युरोप धर्मयुद्धात जळत असताना ही मोठीच गोष्ट होती. (तिथल्या रुमानियन ऑर्थोडॉक्स प्रजेला मात्र या चौकटीत जागा नव्हती. या सहिष्णुतेचे गोडवे गाताना ही गोष्ट बहुधा गाळली जाते.) सतराव्या शतकात राजे कॅल्व्हिनपंथी, बडे सरदारही बहुतेक त्याच पंथाचे. त्यांची महाविद्यालये, त्यांचे छापखाने, हॉलंडला शिकायला जाणारी त्यांची मुले.

शतक सरता सरता पारडे फिरले. तुर्क मागे हटले आणि व्हिएन्नाची सत्ता आली. १६९० च्या सुमारास सम्राट लिओपोल्ड यांनी एका सनदेने चारही पंथांना अभय दिले. कागदावर काही बदलले नव्हते. पण दरबारचा धर्म आता कॅथलिक होता, आणि बढती हवी असेल, खटला जिंकायचा असेल, तर कोणत्या प्रार्थनाघरात जायचे हे लोकांना कळू लागले होते. १७०३ ते १७११ हॅब्सबर्गांविरुद्ध फेरेन्त्स राकोत्सी या सरदाराचे बंड झाले आणि ते मोडले. त्यानंतर हॅब्सबर्ग सत्तेला तिथे आव्हान देणारे कोणी उरले नाही.

या उलथापालथीत, २५ नोव्हेंबर १७०० रोजी, बोन्या गावी काताचा जन्म झाला. हे गाव आज रुमानियात आहे. घराणे बेथलेन, पण सतराव्या शतकातला प्रसिद्ध राजा गाबोर बेथलेन याच शाखेतला समजू नये. आडनाव एक असले तरी त्याची शाखा वेगळी. काताच्या घरात तलवारीइतकीच लेखणी चालत असे. आजोबा यानोश बेथलेन यांनी ट्रान्सिल्व्हेनियाचा इतिहास लॅटिनमध्ये लिहिला. सावत्र चुलते मिक्लोश हे संस्थानाचे चॅन्सलर, म्हणजे राजाच्या दफ्तराचे प्रमुख. १७०४ मध्ये त्यांनी शांततेचा एक मसुदा लिहिला, तो देशद्रोह ठरला आणि त्यांना अटक झाली. पुढे व्हिएन्नाच्या नजरकैदेत बसून त्यांनी आपले जाडजूड आत्मचरित्र लिहिले आणि १७१६ मध्ये तिथेच डोळे मिटले. त्याआधी यानोश केमेन्य यांनीही आठवणी लिहिल्या त्या क्रिमियात, तातारांच्या कैदेत असताना. पुढे ते ट्रान्सिल्व्हेनियाचे राजेही झाले. ट्रान्सिल्व्हेनियाचे पुरुष कैदेत पडले की आठवणी लिहायला बसत, असे म्हटले तर फार चुकणार नाही. काताला कोणी कैद केले नाही, कोणी हद्दपारही केले नाही. तिच्या लिखाणाची सुरुवात लग्नातून झाली.

वडील ती आठ वर्षांची व्हायच्या आतच गेले. १७१७ मध्ये आईने तिचे लग्न लास्लो हालर या कॅथलिक सरदाराशी लावून दिले. मुलीची इच्छा नव्हती, कारण ती कॅल्व्हिनपंथी होती. आक्षेप नवऱ्यावर नव्हता, त्याच्या पंथावर होता. आईने तो मानला नाही. आत्मचरित्रात काता या लग्नाकडे पुनःपुन्हा वळते आणि दर वेळी एकच सांगते, की परपंथात लग्न ही चूक होती आणि पुढचे सगळे भोग त्या चुकीतून आले. इतर मुलींनी यातून धडा घ्यावा, असेही ती लिहिते. आज वाचताना हे कडवे वाटते. पण याच पानांत नवऱ्याविषयी जिव्हाळाही आहे. नवरा वाईट असता तर तिचा हिशेब सोपा झाला असता.

१७१७ ते १७२० या काळात ट्रान्सिल्व्हेनियात प्लेगची मोठी साथ होती. १७१९ मध्ये लास्लो हालर गेला. काता विशीच्या आतच विधवा झाली, पदरी लहान मुले.

इथून खरा संघर्ष सुरू होतो. मिश्र विवाहांत मुलगे बापाच्या पंथात आणि मुली आईच्या पंथात वाढवायच्या, असा प्रघात त्या भागात बऱ्याच ठिकाणी होता. बदलत्या हवेत हालर घराण्याला आणि त्यांच्या पाठीशी असलेल्या कॅथलिक धर्मसत्तेला तेवढ्याने भागणार नव्हते. सगळीच मुले कॅथलिक व्हायला हवी होती, आणि ती आईपाशी राहिली तर होणार नव्हती. म्हणून आधी मुलगा शामुएल आणि मग मुलगी बोर्बाला यांना तिच्यापासून तोडले गेले. सनद तशीच होती, चार पंथ तसेच मान्य होते, आणि तरीही एका आईची पोरे पंथाच्या नावाखाली नेता येत होती. अठराव्या शतकातल्या ट्रान्सिल्व्हेनियात धर्मांतराचे राजकारण कसे चाले, हे मला कोणत्याही इतिहासग्रंथापेक्षा या एका घरातून जास्त नीट कळते. मुले मोठी झाली ती आईला पाखंडी मानणाऱ्या घरात. दुरावा मग कायमचाच राहिला.

१७२२ मध्ये तिने दुसरे लग्न केले, या वेळी आपल्याच पंथात. योझेफ तेलेकी हा चॅन्सलर मिहाय तेलेकींचा मुलगा. दहा वर्षे संसार झाला, पण त्याच्यापासून झालेली मुले जगली नाहीत. १७३२ मध्ये तोही गेला. ‘आर्वा’ हे नाव तिथून लागले. ‘विधवा’ या अर्थाचा वेगळा शब्द मग्यारमध्ये आहे, आणि सरदार घराण्यातल्या बायका तो बिनदिक्कत वापरत. तिने तो घेतला नाही. नवरा गेल्याने आलेले एकटेपण आणि मुले गेल्याने आलेले एकटेपण यांना एकाच शब्दात बसवायचे तर ‘पोरकी’ हाच शब्द उरतो, असे तिला वाटले असावे.

एकटी पडली म्हणून ती कोपऱ्यात बसली नाही. ओल्त नदीकाठच्या ओल्तहेविझला आणि नंतर फोगोरोशला राहून तिने इस्टेटीचा कारभार स्वतः पाहिला. कागदाची गिरणी चालवली, काचेची भट्टी चालवली, बागा लावल्या. औषधपाण्याची जाण होती, त्यामुळे आजारी माणसे तिच्याकडे येत. तिचे भरतकाम तर आजही नावाजले जाते. प्रार्थनाघरातल्या प्रभुभोजनाच्या मेजासाठी तिने आणि तिच्या हाताखालच्या मुलींनी रेशमाने भरलेले रुमाल कॅल्व्हिनपंथी मंडळ्यांना दान केले. देवळातली मूर्ती न मानणाऱ्या पंथात मेजावरचे कापड हीच सजावट. १७३३ मध्ये तिचे प्रार्थनांचे पुस्तक निघाले. त्याच्या नावाचा अर्थ साधारण ‘वनवासाच्या आठवणीचा दगड’ असा होतो.

या काळातली तिची सर्वांत दूरगामी गुंतवणूक म्हणजे पेतेर बोद. ट्रान्सिल्व्हेनियातल्या मग्यार बोलणाऱ्या सेकेय समाजातल्या गरीब कुटुंबातला हा हुशार मुलगा. काताने त्याला हॉलंडमधल्या लायडनला शिकायला पाठवले. तीन वर्षांनी, १७४३ मध्ये तो परतला आणि तिचा दरबारी धर्मोपदेशक झाला. दोघांना एकच वेड होते, ते मग्यार पुस्तकांचे. सरदारांच्या ग्रंथसंग्रहात तेव्हा लॅटिनची चलती होती. काता मात्र आवर्जून मग्यार भाषेतली छापील पुस्तके जमवत होती, अगदी जुनी आणि दुर्मीळ झालेलीही. संग्रह पाचशेच्या आसपास गेला, आणि १७५२ मध्ये बोदने त्याची यादी केली. बोदने पुढे ‘मग्यार अथेनश’ हा मग्यार लेखकांचा चरित्रकोश लिहिला. मग्यार साहित्याच्या इतिहासलेखनाची सुरुवात त्यापासून मानतात. मला वाटते, त्या कोशाचे निम्मे श्रेय या बाईच्या कपाटांना द्यायला हरकत नाही.

आत्मचरित्र तिने लिहायला घेतले ते याच सुमारास, १७४० च्या दशकात, आणि लिहीत राहिली ती जवळजवळ मरेपर्यंत. पुस्तकाची धाटणी आजच्या आत्मचरित्रासारखी नाही. छोटे छोटे परिच्छेद आहेत. एकात घटना आणि तिच्या पाठोपाठ स्तोत्रातली ओळ किंवा प्रार्थना. मूल वारले, मग देवाशी संवाद. खटला हरली, मग बायबलमधल्या सोशिक ईयोबाची आठवण. या पद्धतीला दोन मुळे आहेत. एक संत ऑगस्टिनच्या कबुलीजबाबाचे. दुसरे प्युरिटन आणि पिएतिस्त या कडक भक्तिमार्गी प्रोटेस्टंट मंडळींच्या सवयीचे, म्हणजे रोजच्या घडामोडींत देवाचा हात शोधायचा आणि तो लिहून ठेवायचा. मिक्लोश चुलत्यांच्या पुस्तकात दरबार, मसुदे, कारस्थाने आहेत. काताच्या पुस्तकात राज्य क्वचितच डोकावते. डोकावते ते मूल न्यायला आलेल्या माणसाच्या रूपाने.

भाषेबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. तिच्या वर्गातल्या मुलींना पुरुषांसारखे लॅटिन शिक्षण मिळत नसे. त्यामुळे विद्वानांचे अलंकार तिच्या हातात नव्हते. होते ते बायबलच्या मग्यार भाषांतराचे आणि घरातल्या बोलण्याचे मग्यार. त्यामुळे तिचे गद्य तिच्या काळातल्या पुष्कळ पुरुषांच्या गद्यापेक्षा कमी थकलेले वाटते. तक्रार करतानाही ती आवाज चढवत नाही. ज्यांनी तिची मुले नेली त्यांच्याबद्दल लिहिताना मात्र ती क्षमाशील होत नाही, आणि तसे भासवतही नाही.

१७५९ मध्ये, तिच्या शेवटच्या वर्षी, ‘रक्षण करणारी मजबूत ढाल’ अशा अर्थाच्या नावाचे तिचे आणखी एक धार्मिक पुस्तक निघाले. २९ जुलैला फोगोरोश इथे ती वारली. आत्मचरित्र १७६२ मध्ये कोलोझ्वारला, म्हणजे आजच्या क्लुझला, छापले गेले. पुस्तके तिने नाग्येन्येदच्या कॅल्व्हिनपंथी महाविद्यालयाला दिली होती. हे तेच महाविद्यालय जे गाबोर बेथलेनने १६२२ मध्ये स्थापन केले आणि जे पुढे त्या गावी हलवले गेले. पुस्तके तिथे सुखरूप राहतील, असे वाटण्यात तिचे काही चुकले नव्हते.

१८४८-४९ च्या क्रांतीत ट्रान्सिल्व्हेनियात मग्यार आणि रुमानियन एकमेकांवर तुटून पडले. जानेवारी १८४९ मध्ये रुमानियन बंडखोरांनी नाग्येन्येद जाळले. शेकडो माणसे मेली, महाविद्यालयाचे ग्रंथालय पेटले आणि त्यात काताचा संग्रह गेला. त्यातली काही पुस्तके अशी होती की त्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती. बोदने केलेली यादी मात्र टिकली. अभ्यासक आज त्या यादीवरून, एका ओळीला एक पुस्तक, ते कपाट पुन्हा लावू पाहतात. मग्यारमध्ये आडनाव आधी आणि नाव नंतर येते. त्या भाषेतल्या कोशांत या बाईची नोंद शोधायची, तर ती बहुतेक ठिकाणी अशी सापडते: आर्वा बेथलेन काता.