इंडक्शन शेगडी: आयजीबीटी बदलण्याआधी १८ व्होल्ट तपासा

सदाशिव-नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलांच्या खोलीत गॅस नसतो, इंडक्शन शेगडी असते. ती बंद पडली की ठरलेलं निदान येतं, ‘आयजीबीटी गेला’, म्हणजे कॉइलची वीज चालू-बंद करणारा मोठा ट्रान्झिस्टर गेला. नवा बसतो, चार दिवस चहा होतो आणि पुन्हा ‘फट्’. आयजीबीटी गेला होता हे खरंच, पण तो कशाने गेला हे पाहायचं राहून जातं.

शेगडीत वीजपुरवठे दोन असतात. मोठ्या पुरवठ्यात २३० व्होल्ट एसी फ्यूजमधून ब्रिज रेक्टिफायरला (एसीचा डीसी करणाऱ्या भागाला) जातो आणि पुढे चोक व ५ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी मिळतो. आयजीबीटी हाच डीसी सेकंदाला २० ते ३० हजार वेळा चालू-बंद करून कॉइलला देतो. लहान पुरवठा याच ३२५ व्होल्टांवर जगतो. आठ पायांची एक आयसी, बऱ्याच बोर्डांवर व्हायपर १२ए, त्यातून १८ व्होल्ट बनवते. त्यावर पंखा फिरतो आणि आयजीबीटीचं गेट, म्हणजे चालू-बंदीचा इशारा घेणारा पाय, चालतं. त्यातूनच पुढे ७८एल०५ डिस्प्लेला आणि मायक्रोकंट्रोलरला ५ व्होल्ट देतो.

हात घालण्याआधी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. बहुतेक शेगड्यांत हा लहान पुरवठा मेनपासून वेगळा केलेला नसतो. प्लग लावलेला असताना ‘५ व्होल्टच तर आहेत’ म्हणून बोट लावलं, तर शॉक २३० व्होल्टांचाच बसतो. अनेक बोर्डांवर हीट सिंकही जिवंत असतो. प्लग काढल्यावरसुद्धा मोठा कपॅसिटर भरलेला राहू शकतो. १०० वॉटच्या जुन्या, तारेच्या बल्बच्या दोन वायरी त्याच्या पायांवर क्षणभर टेकवा आणि मीटरवर शून्य दिसल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग फ्यूज बघा. काच आतून काळी पडली असेल तर पुढे कुठेतरी थेट शॉर्ट आहे, नुसता फ्यूज बदलून तोही जाईल. पावसाळ्यात फांदी पडून डीपीकडचा न्यूट्रल तुटला की घरात २३० च्या जागी ४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतात. तेव्हा फ्यूजशेजारची चकतीसारखी एमओव्ही, म्हणजे व्हॅरिस्टर, स्वतः शॉर्ट होऊन फ्यूज उडवते आणि बाकीचा बोर्ड वाचवते. ती तडकलेली दिसली आणि बाकी सगळं ठीक निघालं, तर काम स्वस्तात झालं. फक्त ती कापून टाकून शेगडी परत देऊ नका. चालते, पण पुढच्या खेपेला बोर्डाच्या वाटेत आडवं यायला कुणी उरत नाही.

एमओव्ही धड असेल तर ब्रिज आणि आयजीबीटी मोजा. कॉइलचे स्क्रू काढा, मीटर डायोडवर ठेवा. आयजीबीटीवर अक्षरं वाचता येतील असा समोर धरला की पाय डावीकडून गेट, कलेक्टर, एमिटर. लाल प्रोब कलेक्टरवर आणि काळी एमिटरवर असताना मीटरने काहीच दाखवायला नको. उलट केल्यावर आतल्या डायोडचे ०.४ ते ०.५ दिसावेत. दोन्हीकडे बीप आली तर आयजीबीटी गेला.

खरी मेख इथून पुढे आहे. आयजीबीटी फुटताना वरचा दाब गेटमधून मागे शिरतो आणि गेटला इशारा देणाऱ्या ड्रायव्हरचे ट्रान्झिस्टर (बहुधा ८०५० आणि ८५५० ही जोडी) आणि गेटवरचा व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा १८ व्होल्टचा झेनर डायोडही घेऊन जातो. ८०५० शॉर्ट राहिला तर नव्या आयजीबीटीचं गेट कायम चालू राहतं आणि प्लग लावताच तोही उडतो.

म्हणून नवा आयजीबीटी बसवा, पण कॉइल जोडू नका. १०० वॉटचा बल्ब सीरिजमध्ये घेऊन मेन द्या. बल्ब क्षणभर चमकून जवळजवळ विझायला हवा. एसी बाजूच्या कपॅसिटरमुळे तार अंधूक लाल राहिली तर चालेल. भरभक्कम पेटला तर शॉर्ट अजून आहे. मीटरची काळी प्रोब ब्रिजच्या मायनसवर ठेवून १८ आणि ५ व्होल्ट मोजा. गेटवर शून्याच्या आसपासच हवं. हे तिन्ही जुळल्याखेरीज कॉइल जोडायची नाही.

डिस्प्ले उजळतो-मावळतो, पंखा सुरू झाला की बीप देऊन शेगडी पुन्हा पहिल्यापासून उठते, असं होत असेल तर १८ व्होल्टांचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर संशयित धरा. तो हीट सिंकच्या उबेत बसून सुकतो. बिनभाराचे १८ दिसतात, पंखा फिरताच १०-११ वर येतात. गेटला व्होल्ट कमी पडले की आयजीबीटी अर्धवट उघडतो, तापतो आणि जातो. चार दिवसांनी येणारा ‘फट्’ बऱ्याचदा इथूनच येतो. डिस्प्ले मुळीच लागत नसेल आणि फ्यूज शाबूत असेल, तर व्हायपरच्या आधीचा फ्यूजसारखं काम करणारा रेझिस्टर ओपन झाला आहे का ते पाहा. तो ओपन मिळाला तर व्हायपरही शॉर्ट असण्याची शक्यता मोठी.

दुसरा छुपा चोर म्हणजे कॉइलसोबतचा ०.२७ ते ०.३३ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. त्याची क्षमता (मायक्रोफॅरड) उतरली की कलेक्टरवरचा उसळीचा दाब वाढतो आणि १२०० व्होल्टांच्या आयजीबीटीलाही झेपत नाही. हा उतरलेला निघाला तर तोही बदलूनच कॉइल जोडा.

हे सगळे भाग पुण्याच्या तापकीर गल्लीत सुटे मिळतात. आयजीबीटीचे पाय आखूड दिसले तर तो जुन्या बोर्डावरून काढलेला आहे, परत करा.

व्होल्टेजचा एरर येत असेल, तर बोर्ड उघडण्याआधी शेगडी पूर्ण ताकदीवर चालवून तिच्याच पॉइंटशी व्होल्टेज मोजा, त्यासाठी मीटरच्या दोन्ही प्रोब त्याच पट्टीवरच्या शेजारच्या मोकळ्या सॉकेटच्या भोकांत घाला. २००० वॉटला जवळजवळ ९ अँपिअर लागतात. ६ अँपिअरच्या एक्स्टेन्शनवर सॉकेट तापतो, व्होल्टेज पडतं आणि शेगडी तेच सांगत असते. पॉइंटवर २३० भरत असूनही एरर राहिला, तर ब्रिजकडून मायक्रोकंट्रोलरकडे येणारे शेकडो किलोओहमचे रेझिस्टर एक पाय उचलून मोजा. त्यातला एखादा ओपन मिळतो.