सांत्वन (समाचाराची रीत)

सांत्वन : दुःखात असलेल्या माणसाला धीर देणे आणि त्याचे दुःख आपल्यालाही पोचले आहे हे त्याला जाणवू देणे. शब्द संस्कृत आहे. राजनीतीच्या ग्रंथांत साम-दाम-दंड-भेदांपैकी ‘सामा’लाच ‘सान्त्व’ असेही नाव आहे, म्हणजे गोड बोलून समोरच्याला शांत करणे. मराठीत हा शब्द बोलण्यात फारसा उतरला नाही, वर्तमानपत्रातच राहिला. मंत्री ‘सांत्वनपर भेट’ देतात. शेजारीण नुसती ‘भेटून येते’. पुण्याकडच्या घरांत ‘समाचाराला जाणे’ म्हणतात, खानदेशात ‘दारावर जाणे’ किंवा ‘द्वारदर्शन’, आणि गावोगावी ‘मयतीला जाणे’. यातल्या ‘समाचार’ शब्दाची एक गंमत आहे. समाचाराला जाणे म्हणजे विचारपूस करणे आणि समाचार घेणे म्हणजे खडसावणे. ‘डॉक्टरांना आधीच का नाही दाखवलं?’ असे विचारणारा पाहुणा पहिल्यातून दुसऱ्यात कधी घसरतो, ते त्याचे त्यालाही कळत नाही.

ही नोंद मुख्यतः महाराष्ट्रात मृत्यूनंतर होणाऱ्या सांत्वनाविषयी आहे. या रीतीत बोलणे सगळ्यात कमी महत्त्वाचे. जेवण कोणी आणायचे, कोणी कुठे बसायचे, कधी उठायचे, दहाव्याला काय करायचे, हे सारे आधीच ठरलेले असते. त्यामुळे ज्याला दोन शब्द धड जुळवता येत नाहीत असा माणूसही सांत्वन करू शकतो.

पहिली गोष्ट चुलीची. मृत्यू झालेल्या घरात चूल पेटत नाही. अनेक घरांत पुढे दहा दिवस फोडणी देत नाहीत, कढई चढवत नाहीत. स्मशानातून परतलेली माणसे कडुलिंबाचा पाला चावून दारात येतात आणि शेजारून किंवा भावकीतून जेवण येते. बहुधा पिठलं-भाकरी किंवा आमटी-भात. काही भागांत यालाच ‘कडू घास’ म्हणतात. कोणाला भूक नसते, पण कोणी तरी वडीलधारी बाई ताट पुढे सरकवते : ‘दोन घास खा, तू पडलीस तर पोरांनी कुणाकडं बघायचं?’ हा युक्तिवाद मानसशास्त्राच्या कसोटीवर कसा उतरेल ते सोडा, घास पोटात जातो. मुसलमान समाजातही हीच तजवीज आहे. मूताच्या लढाईत (इ.स. ६२९) प्रेषित महंमदांचे चुलतभाऊ जाफर मारले गेल्यावर ‘त्यांच्या घरच्यांसाठी अन्न शिजवा’ असे प्रेषितांनी सांगितल्याची हदीस (त्यांच्या उक्ती-कृतींची परंपरेने आलेली नोंद) आहे, आणि शोक असलेल्या घरी शेजाऱ्यांनी जेवण पोचवण्याचा रिवाज त्यातून आला.

मग भेटी सुरू होतात. घरातली माणसे सतरंजीवर बसलेली असतात. आलेला माणूस खुर्ची ओढत नाही, तोही खाली बसतो. बायका आत, पुरुष ओसरीवर किंवा मांडवात. गावाकडे लेकीबाळी आल्या, की वेशीपासूनच हंबरडा ऐकू येतो. त्या गळ्यात पडून हेल काढून रडतात आणि त्या रडण्यात गेलेल्या माणसाचे गुण, त्याने घेतलेले लुगडे, राहून गेलेले माहेरपण, सगळे येते. काही वेळाने एखादी म्हातारी पाण्याचा तांब्या पुढे करते आणि रडणे थांबते. शहरी पाहुण्याला हे नाटकी वाटते. पण यात दुःखाला सुरुवात आहे आणि थांबण्याची जागाही आहे. बंद दाराआड उशीत तोंड खुपसून रडणाऱ्याला तांब्या पुढे करणारे कोणी नसते.

भेटीतला ठरलेला प्रश्न एकच : ‘कसं झालं?’ आणि घरातला एक जण सांगू लागतो. सकाळी चहा घेतला, मग म्हणाले जरा छातीत जड वाटतंय, रिक्षा बघेपर्यंत... पुढचा पाहुणा आला की पुन्हा सकाळच्या चहापासून. दहा दिवसांत हीच हकिकत चाळीस-पन्नास वेळा सांगितली जाते. बाहेरून पाहणाऱ्याला हा छळ वाटावा, आणि काहींना तो होतोही. बहुतेकांच्या बाबतीत मात्र पहिल्या दिवशी तुटक, मागेपुढे होणारी गोष्ट आठव्या दिवसापर्यंत सलग झालेली असते. पहिल्या दिवशी ‘मी आधी रिक्षा आणायला हवी होती’ एवढेच घोकणारा मुलगा पुढे ‘रिक्षा होती, पण वेळच नव्हता’ असे म्हणू लागतो. पाहुण्याने काही समजावलेले नसते. तो फक्त ‘हं’ म्हणत बसलेला असतो. निघताना तो ‘येतो’ म्हणत नाही, कारण अशा कारणासाठी पुन्हा येणे कोणालाच नको असते. तो नुसता उठतो, हात जोडतो, चप्पल घालतो. घरचेही ‘या’ म्हणत नाहीत.

ठरलेली वाक्येही आहेतच. ‘सुटला बिचारा’, ‘देवाच्या मनात होतं’, ‘सोनं झालं’ (हे मोठ्या वयाच्या सवाष्णीबद्दल), ‘पोरांकडे बघून धीर धर’. त्यांचा अर्थ कोणी शब्दशः घेत नाही, म्हणून ती बऱ्यापैकी चालतात. तरण्या मुलाच्या मृत्यूनंतर तीच बोलली, की जखमेवर मीठ पडते. अशा घरी जाणती माणसे ‘काय बोलायचं?’ एवढेच म्हणतात आणि बसून राहतात.

दहावा दिवस या रीतीतला सर्वांत नाट्यमय, आणि सांत्वनाच्या दृष्टीने सर्वांत चलाख. नदीकाठी किंवा घाटावर पिंडदान झाले, की पिंड उघड्यावर ठेवतात आणि सगळे मागे सरकून कावळ्याची वाट पाहतात. कावळा शिवला तर गेलेल्याची काही इच्छा राहिली नाही. झाडावर कावळे असतात, पण खाली उतरत नाहीत. मग कुजबुज सुरू होते, ‘कशात जीव अडकलाय?’ थोरला भाऊ पुढे येऊन हात जोडून मोठ्याने म्हणतो, ‘धाकटीचं लग्न आम्ही करू, काळजी करू नको.’ मेहुणा म्हणतो, ‘पोराचं शिक्षण माझ्याकडे लागलं.’ कोणी कर्ज फेडायचे कबूल करतो, कोणी आईला सांभाळायचे. बोलणे कावळ्याशी चाललेले असते, पण ऐकत असतात ती मागे राहिलेली माणसे, आणि साक्षीला शे-दोनशे गावकरी. एरवी घरात बसून ‘तुम्ही आमच्या मुलांचं काय करणार?’ असे विधवेने दिराला विचारणे अवघडच. इथे न विचारता उत्तर मिळते आणि चारचौघांत मिळते. ती वचने सगळी पाळली जातात असे नाही. पण मोडणाऱ्याला ‘पिंडापुढं बोलला होतास’ हे आयुष्यभर ऐकावे लागते. कावळा शेवटपर्यंत आलाच नाही, तर दर्भाचा कावळा करून शिववतात. रीत माणसांना उन्हात ताटकळत ठेवत नाही.

पुणे, नगर, नाशिक जिल्ह्यांत आता दशक्रियेला कीर्तनकाराचे प्रवचन आणि त्यानंतर पुढाऱ्यांची श्रद्धांजलीपर भाषणे हा प्रघात पडला आहे. ‘मी तालुक्याच्या वतीने, कारखान्याच्या वतीने श्रद्धांजली अर्पण करतो’ या भाषणांच्या रांगेत गेलेल्याचे नाव चुकण्याचे प्रसंगही घडतात. सांत्वन इथे घरच्यांचे होते की उमेदवाराचे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

तेराव्याला गोडाचे जेवण होते आणि ‘दुखवटा काढतात’. दुखवटा म्हणजे शोकाचा काळ, आणि तो संपवण्यासाठी नातेवाइकांनी दिलेले वस्त्रही. मुलाला टॉवेल-टोपी, बाईला माहेरचे लुगडे किंवा साडी. देणे-घेणे वाढत जाऊन टॉवेलांचे ढीग साठू लागले, म्हणून अनेक गावांनी ही प्रथा कमी केली किंवा त्याऐवजी रोख मदत देण्याचे ठरवले. एक साधी गोष्ट मात्र टिकून आहे. मृत्यूनंतरच्या पहिल्या दिवाळीला त्या घरी फराळ करत नाहीत, आणि नेमका म्हणूनच त्या घरी सगळ्यात जास्त फराळ जमतो. तेराव्यानंतर भेटीला येणारे आटतात. घर खरे रिकामे वाटू लागते ते त्यानंतर. पहिल्या सणाला डबा घेऊन दारात उभी राहिलेली शेजारीण, या रिकामपणाची दखल घेणारी बहुधा एकटीच असते.

मराठी वर्तमानपत्राच्या निधनवार्तांचे पान चाळले, तर किती तऱ्हांनी लोक जमतात ते दिसते. सांगली-कोल्हापूरकडे मुसलमान कुटुंबाच्या बातमीखाली ‘जियारत’ची वेळ असते, बौद्ध कुटुंबाच्या खाली ‘जलदान विधी व पुण्यानुमोदन’, धुळे-जळगावकडे ‘गंधमुक्ती’, पारशांच्या बाबतीत ‘उठमणा’. कोकणातल्या बेने इस्राएल (मराठी ज्यू) घरांत सात दिवस शोक पाळतात. गोवा आणि वसईच्या ख्रिस्ती घरांत सातव्या दिवसाची आणि महिन्याची प्रार्थना असते. दिवसांची गणती वेगळी, पण ठराविक दिवशी सर्वांनी जमायचे ही कल्पना समान.

जुन्या रीतीची सर्वांत काळी बाजू म्हणजे तिने स्वतःच निर्माण केलेले दुःख. नवऱ्याच्या मृत्यूनंतर बायकोचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी उतरवणे हे सारे सांत्वनाला जमलेल्या बायकांच्याच हातून होई. ज्या हातांनी घास भरवायचा त्याच हातांनी बांगड्या फोडायच्या. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही तसे करावे असे परिपत्रक काढले. अनेक गावांनी ठराव केले. ठराव झाला म्हणून प्रत्येक ओसरीवरची रीत बदलली असे नव्हे, पण ‘हे नको’ म्हणणाऱ्या सुनेच्या मागे कागद तरी उभा राहिला.

दुसरी उणीव कमी बोलली जाते. ही सारी व्यवस्था सुतकावर उभी आहे. जिथे सुतक नाही किंवा नावापुरते आहे, तिथे भेटही नाही. पोटातच गेलेले किंवा दोन दिवसांचे बाळ पुरतात, दहावा-तेरावा होत नाही, आणि त्या आईला भेटायला कोणी येत नाही. आले तर ‘अजून वय आहे तुझं’ म्हणतात. आत्महत्या झालेल्या घरी माणसे येतात, पण तिथे ‘कसं झालं?’ हा नेहमीचा प्रश्न चौकशीसारखा ऐकू येतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकरी कुटुंबांना भेटीबरोबर पंचनामा, बँकेचे कागद आणि मदतीसाठी ‘पात्र-अपात्र’ ठरण्याची वाट हे सारे एकदमच सोसावे लागते. राज्याच्या आरोग्य विभागाच्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात आशा सेविका घरोघरी जाऊन अशा ताणाची चाहूल घेतात. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा (१४४१६) ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, आणि तिच्यावर मराठीतूनही बोलता येते.

गंभीर आजारी माणसाचे सांत्वन हा वेगळा विषय आहे. तिथे रीत फारशी मदतीला येत नाही, कारण समाचाराला आलेला माणूस ‘बरे व्हाल’ याखेरीज काय म्हणणार? लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हे शुश्रूषागृह उभारणाऱ्या सिसिली सॉन्डर्स यांनी मांडले, की मरणासन्न माणसाची वेदना शरीराची असते तशीच मनाची, नात्यांची आणि पैशांच्या चिंतेचीही असते, आणि तिच्यावर एकत्रच इलाज करावा लागतो. त्या वाटेवरचे भारतातले पहिले शुश्रूषागृह ‘शांती आवेदना सदन’ १९८६ मध्ये मुंबईत वांद्र्याला सुरू झाले.

शेजाऱ्याची चूल पेटलेली असते, हे या रीतीचे गृहीतक. ते दोनदा भयंकर तऱ्हेने खोटे ठरले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात सुमारे ८,००० माणसे गेली. लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. ३० जुलै २०१४ ला पुणे जिल्ह्यातल्या माळीणवर डोंगर कोसळला आणि १५१ जण गाडले गेले. अशा ठिकाणी कोण कोणाकडे भाकरी नेणार? भेटणारा आणि भेट घेणारा एकाच सुतकात. किल्लारीच्या नव्या वसाहती रुंद रस्त्यांच्या आणि सुट्या घरांच्या झाल्या. जुन्या गल्लीत ओट्यावरून हाक मारली तर समोरच्या दारात ऐकू जाई, ती जवळीक मात्र नकाशात बसली नाही.

२०२० मध्ये तर भेटच बंद झाली. टाळेबंदीत अंत्यविधीला २० माणसांची मर्यादा आली, पुष्कळांना आपल्या माणसाचा चेहराही पाहता आला नाही. पूर्वी मृत्यूचे पोस्टकार्ड कोपरा फाडून येई आणि वाचून झाले की ते घरात न ठेवता फाडून टाकत. आता बातमी व्हॉट्सॲपच्या गटावर येते आणि तिच्याखाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ची रांग लागते. त्या रांगेत ‘कसं झालं?’ असे सहसा कोणी विचारत नाही. निर्बंध उठल्यावर मात्र लोक वर्ष-दीड वर्ष उशिराने समाचाराला गेले, कारण राहिलेली भेट पूर्ण करावीच लागते असा समज अजून आहे. फोटोला हार घातलेला, घर सावरलेले, मुले शाळेत गेलेली. पाहुणा खाली सतरंजीवर बसला, आणि समोरचा माणूस त्या दिवशी सकाळच्या चहापासून सांगू लागला.