स्प्रिंग कापली की गाडी रस्त्याला चिकटते?

"स्प्रिंगचा एक वेढा कापा, गाडी खाली बसेल आणि वळणात झुकणार नाही," हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे आणि रोज चालवायच्या गाडीसाठी धोक्याचाही.

छोट्या गाड्यांत पुढे बहुधा मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बर एकत्र बसवलेला खांब) असतो. गाडी खाली आली की लोअर आर्मची (चाकाला सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याची) ठेवण बदलते आणि रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी वळणात झुकते तो) गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली घसरतं. दोघांतलं अंतर, म्हणजे गाडीला झुकवणारी तरफ, उलट वाढते. 6 कार्यरत वेढ्यांतला 1 कापला तर स्प्रिंग सुमारे 20 टक्के कडक होते खरी, पण शॉक अब्सॉर्बर जुन्याच स्प्रिंगसाठी बनलेला असतो; उसळी त्याला आवरत नाही. वर-खाली व्हायला जागाही कमी उरते, म्हणून वळणातल्या खड्ड्यात स्ट्रट बम्प स्टॉपवर, म्हणजे हालचालीच्या टोकाच्या रबरी अडथळ्यावर, आदळतो आणि चाक पकड सोडतं. जॅकवर चाक लोंबकळलं की कापलेली स्प्रिंग बैठकीतून निसटूही शकते.

आधी टायर, बुश (सांध्यांतली रबरं) आणि शॉक तपासा. ढिलाई अनेकदा तिथेच सापडते. मग एकमेकांना जुळवलेला स्प्रिंग-शॉकचा संच घ्या, 20-30 मिमीपेक्षा जास्त खाली नको. फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीचं नाक वळणात बाहेर जात असेल तर मागचा अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून झुकणं रोखणारा दांडा) 18 ऐवजी 20 मिमी जाडीचा बसवा: तेवढ्यानेच तो जवळपास दीडपट कडक होतो. आणि आर्मच्या बुशचे बोल्ट गाडीचं वजन चाकांवर असतानाच शेवटचे आवळा. हवेत आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. त्यानंतर अलाइनमेंट करून घ्या, कारण उंची बदलली की टो (चाकं पुढून आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन) बदलतोच.