नाईकाचा हुद्दा, हवालदाराचा पगार

सिन्नरकडच्या आमच्या गावी लष्करात असलेला दादा जत्रेला रजेवर आला, की पारावर कुणीतरी विचारतंच, "अठरा वर्षं झाली ना नोकरीला? अजून दोनच फिती, नाईकच?" दादा हसून विषय बदलतो, आई मात्र घरी येऊन गप्प बसते. तिला वाटतं, पोराच्या हातून काहीतरी चुकलं असणार. काहीही चुकलेलं नाही. एमएसीपी (मॉडिफाइड अ‍ॅश्युअर्ड करिअर प्रोग्रेशन, म्हणजे ठरावीक वर्षांनी मिळणारा वरचा पगार) आणि प्रमोशन या दोन वेगळ्या गोष्टी लोक एकच धरतात, म्हणून हा सगळा घोळ होतो.

एमएसीपी वर्षांवर मिळते. जवानाला 8, 16 आणि 24 वर्षांच्या सेवेनंतर, तोवर प्रमोशन आलं नसेल, तर वरच्या हुद्द्याचा पगार लागू होतो. सातव्या वेतन आयोगात शिपायाचं मूळ वेतन 21,700 पासून सुरू होतं, नाईकाचं 25,500 पासून आणि हवालदाराचं 29,200 पासून. पगार वरच्या पायरीवर जातो, पण बाहीवर फीत चढत नाही आणि हाताखाली माणसंही येत नाहीत. सिनिऑरिटी होती तिथेच राहते. नागरी सरकारी नोकरीत हेच टप्पे 10, 20 आणि 30 वर्षांचे आहेत.

प्रमोशनला मात्र जागा रिकामी व्हावी लागते. किती नाईक, किती हवालदार, किती नायब सुभेदार, हे प्रत्येक युनिटला मंजूर केलेलं असतं. तोफखान्याच्या अख्ख्या रेजिमेंटमध्ये सुभेदार मेजर एकच! वरचा माणूस निवृत्त झाला किंवा आणखी वर गेला, तरच खालचा सरकतो. त्यातही ट्रेड, म्हणजे जवानाचं ठरलेलं काम, आड येतो: ड्रायव्हरची जागा सुटली म्हणून ती तोफेवरच्या गनरला मिळत नाही. एखाद्या वर्षी भरती मोठी झाली असेल, तर ती अख्खी बॅच एकाच दारात वर्षानुवर्षं ताटकळते. शिवाय कॅडर (प्रमोशनसाठीचा कोर्स) पास हवं, सीआर (वरिष्ठांचे गोपनीय अहवाल) चांगले हवेत, रेड एंट्री (शिक्षेची लाल शाईतली नोंद) नको, मेडिकल कॅटेगरी (तब्येतीचा दर्जा) घसरायला नको. एवढं सगळं चोख असूनही जागा नसेल तर थांबावंच लागतं, आणि मला वाटतं, बाहेरच्यांना नेमकं हेच कळत नाही.

दादा 2007 साली नाशिक रोडच्या आर्टिलरी सेंटरमधून ट्रेनिंग करून निघाला. 2015 मध्ये त्याला पहिली एमएसीपी लागली: पगार नाईकाचा, बाही कोरी. 2018 मध्ये खरोखर नाईक झाला. सुटीवर आला तेव्हा वहिनीनं देवळाली कॅम्पातल्या शिंप्याकडून बाहीवर फिती शिवून आणल्या. आई त्या धाग्यांवरून बोट फिरवत बसली होती. त्या महिन्याची पे-स्लिप आली तर मूळ वेतन जवळपास जसंच्या तसं. आईला फसवणूक वाटली. खरं तर ती वाढ तीन वर्षं आधीच पदरात पडली होती. त्याच पायरीसाठी पगार दुसऱ्यांदा वाढवून देत नाहीत. 2023 मध्ये 16 वर्षं भरली आणि दुसरी एमएसीपी लागली. आज तो हवालदाराचा पगार घेणारा नाईक आहे.

अधिकाऱ्यांचंही थोडंफार असंच. कॅप्टन, मेजर, लेफ्टनंट कर्नल हे हुद्दे 2, 6 आणि 13 वर्षांच्या सेवेवर मिळतात, मात्र कर्नलपासून पुढे सिलेक्शन बोर्ड निवड करतं आणि तिथे जागा फार थोड्या. निवड न झालेल्याला 26 वर्षांनंतर टाइम स्केल कर्नल (निवडीने नव्हे, सेवेच्या वर्षांवर झालेला कर्नल) करतात, पण युनिटची कमान निवडून आलेल्याकडेच जाते.

तेव्हा पारावर विचारायचंच असेल, तर "कॅडर झालं का? तुझ्या ट्रेडमध्ये पुढे कितीजण आहेत?" असं विचारा. दादाचं कॅडर केव्हाच झालंय. पुढे चौघे आहेत.